बार्जवरचा देव आणि दाऊद मुकादम

दाऊद मुकादमांना हळू आवाजात बोलताना मी उभ्या आयुष्यात एकदाच ऐकलं. एरवी ते देराच्या धक्क्यावर तोंड उघडायचे आणि खाडीपलीकडे बर दुबईच्या काठावर माणसं मान वर करून बघायची. 'चाचा, जरा हळू,' असं कोणी म्हटलं तर त्यांना ते पटायचंच नाही. 'अरे, समुद्रावर काम करणारा माणूस हळू बोलला तर बुडेल!' म्हणायचे, आणि तेही ओरडूनच.

दुबईत तेल लागल्याच्या बातमीनं सगळ्यांची डोकी फिरली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमची कंपनी किनाऱ्यालगत एक जेटी बांधत होती. सिमेंटची जहाजं थेट लागावीत म्हणून खोल पाण्यात खांब ठोकत न्यायचे होते. आता अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये माझा नातू विचारतो, 'सो व्हेअर वॉज युवर जेटी, आजोबा?' तेव्हा मला बोट दाखवायला जागा नसते. ती कधीच भरावाखाली गेली. वरून सहापदरी रस्ता जातो आणि तिथं आम्हाला नेहमी ट्रॅफिक लागतो.

मी कंपनीत स्टोअरकीपर होतो. दाऊदचाचा खांब ठोकणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यांचं गाव दाभोळ खाडीच्या पलीकडे, माझं अलीकडे, म्हणजे त्यांच्या हिशेबानं आम्ही शेजारी. टोळीतली सगळी पोरं त्यांनी आपल्याच गावातून उचलून आणली होती. कोणाच्या आईला, कोणाच्या बायकोला 'माझ्या जबाबदारीवर' असा शब्द देऊन आणली होती, आणि ती जबाबदारी ते चोवीस तास वाजवून दाखवायचे. पोरांनी मच्छरदाणी लावली का, फजरच्या नमाजाला कोण उठलं नाही, कोणी घरी पत्र टाकलं नाही, सगळ्याची हजेरी.

आणि वास. दाऊदचाचांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. दोर आला की नाकाशी, ग्रीसचा डबा आला की नाकाशी, तांदळाचं पोतं फोडलं की मूठभर नाकाशी. माझ्या स्टोअरमधून नवी लोखंडी तार निघाली तरी आधी हुंगणार आणि मग म्हणणार, 'ठीक आहे, सावंत. चालेल.' तारेला काय वास येतो हे मी त्यांना दोन वर्षांत विचारू शकलो नाही.

एक वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. कुठलाही वाद असो, शेवटी उजवा हात हवेत आडवा मारायचा आणि म्हणायचं, 'मी बोललो ना? खलास.' त्यानंतर पोरं बोलायची नाहीत. या जादूचा मला मोठा हेवा वाटायचा. माझं स्टोअरमधल्या हमालासमोरही काही चालायचं नाही.

पण हा नुसता आरडाओरडा नव्हता. यासीन म्हणून एक धिप्पाड पोरगा होता टोळीत. त्याचा बाप गावी वारला आणि बातमी बोटीच्या टपालानं आली, महिना उलटून गेल्यावर. यासीनला रडावं की नाही तेच कळेना. गावात चाळिसाव्याची तयारी सुरू असेल, आणि हा इथं आज ऐकतोय. दाऊदचाचांनी त्याला खाली बसवलं. 'बातमी आली तो दिवस पहिला,' म्हणाले. 'आजपासून तीन दिवस तुझी चूल बंद. मयतीच्या घरात चूल पेटत नाय.' मग स्वतः साधी मुगाची खिचडी शिजवली, फोडणीसुद्धा न देता, आणि त्या धटिंगणाला घास घास करून भरवली. यासीन तेव्हा जो रडला, तो मला अजून ऐकू येतो.

अशा माणसाच्या अंगणात हमादा आला.

खांब ठोकायचा बार्ज जपानी होता, आणि त्याच्याबरोबर हमादा हा जपानी इंजिनिअर. चाळिशीचा, सडपातळ, इंग्रजी माझ्याहून वाईट. बार्जच्या मागच्या बाजूला त्याची लाकडी केबिन होती, आणि केबिनमध्ये दारासमोर, छताजवळच्या फळीवर एक छोटंसं लाकडी घर होतं. उतरतं छप्पर, दोन इवलीशी दारं, पुढं गवताचा पिळलेला दोर. हमादा रोज सकाळी त्यापुढं तांदूळ, मीठ आणि पाणी ठेवायचा, मान लववायचा आणि दोन टाळ्या वाजवायचा. सकाळच्या शांत पाण्यावर त्या टाळ्या पार टोकापर्यंत ऐकू यायच्या.

पहिल्याच आठवड्यात दाऊदचाचा केबिनमध्ये घुसले, फळीवरची वाटी उचलली आणि नाकाला लावली. दारू आहे का हे बघायचं होतं. 'पाणीच आहे,' असं बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं. हमादा रागावला नाही. त्यानं नवं पाणी भरून वाटी परत ठेवली. चाचांना मात्र ते पाणी बदलणं खटकलं. 'म्हणजे मी हात लावलेलं त्याला चालत नाय,' म्हणाले.

ते घर कशाचं हे हमादानं मला एकदा सांगितलं. तो योकोहामाचा. ते पूर्वी कोळ्यांचं गाव होतं. परदेशी जहाजांसाठी तिथं बंदर उघडलं, तेव्हा लोकांनी बंदराकडे तोंड करून टेकडीवर एक देऊळ उभं केलं. खाली कोणत्या देशाचं जहाज येईल, कोण उतरेल, काही ठाऊक नव्हतं. वर कोणीतरी बघणारं हवं. हमादाचे आजोबा त्या बंदरात दगड वाहायचे. त्या देवळातून आणलेला लाकडाचा एक पट्टा या छोट्या घरात होता. मूर्ती नाही, चित्र नाही. 'धिस ऑल्सो न्यू पोर्ट,' तो म्हणाला. 'समबडी मस्ट लुक.' जेटीचा शेवटचा खांब बसेपर्यंत हे घर बार्जवर राहणार, एवढं एकच त्याचं म्हणणं होतं. बाकी कशाबद्दल तो कधी अडून बसला नाही.

मी हे चाचांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. 'बघायला वर अल्ला आहे,' म्हणाले. 'फळी कशाला लागते?' पण तेव्हा बोलण्यात टवाळी होती, विष नव्हतं.

विष चढलं ते तार तुटली तेव्हा. हमादाच्या टाळ्या वाजल्या, हातोडा चालू झाला, आणि तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला खांब धरणारी तार तुटली. लतीफ नावाच्या पोराच्या डाव्या हाताची दोन बोटं चेपली गेली. तार माझ्या स्टोअरचीच, हुंगून पास केलेली. दोष तारेचा होता की कप्पीचा, यावर इंग्रज मॅनेजर आणि हमादा दोन दिवस भांडले. पोरांनी मात्र त्याच संध्याकाळी निकाल दिला होता. फळीवरच्या त्या पेटीनं केलं. लतीफच्या आईला काय सांगायचं, हा प्रश्न चाचांना खात होता. अशा वेळी माणसाला कोणावर तरी बोट ठेवता आलं की बरं वाटतं. त्यांनीही पेटीवर ठेवलं.

ते हमादासमोर उभे राहिले. मी मध्ये दुभाषा.

'पेटी काढा. जुम्म्यापर्यंत. नाय तर माझी पोरं बार्जवर पाय ठेवणार नाय.'

'शेवटचा खांब बसला की काढीन.'

'जुम्म्यापर्यंत. मी बोललो ना? खलास.'

शमाल वाऱ्याचे दिवस जवळ येत होते. एकदा तो वारा सुटला की खोल पाण्यातलं काम बंद. टोळी गेली तर जेटी अर्धवट राहणार, पेटी गेली तर हमादाचा शब्द जाणार. त्या आठवड्यात बार्जवर स्पॅनर खाली पडला तरी दचकायला व्हायचं. हमादा नेहमीच्या वेळेला टाळ्या वाजवायचा आणि पोरं तेवढा वेळ हातातलं काम टाकून समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. मला तर रोज वाटायचं, आज कोणीतरी आत जाऊन फळी उपटणार.

जुम्म्याची सुट्टी झाली. शनिवारी सकाळी आम्ही लाँचनं बार्जवर पोचलो, तर टाळ्या नाहीत. केबिनचं दार उघडं. फळीवरच्या त्या घराच्या दारांवर एक कोरा पांढरा कागद चिकटवला होता. पुढं तांदूळ नाही, मीठ नाही, पाणी नाही.

चाचांनी दारातून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पेटी काढली नाही, पण झाकली. त्याचाही मान राहिला, आपलाही राहिला. 'शरीफ आदमी आहे!' ते पोरांकडे वळून ओरडले. 'आपलं ऐकलं त्यानं! चला, यल्ला, कामाला!' पोरं अशी कामाला लागली की त्या दिवशी दोन दिवसांचं काम झालं.

रविवारी चाचा पितळी डबा घेऊन आले. मलबारी गलबतातून आलेला नारळ त्यांनी कुठूनतरी मिळवला होता. नारळाच्या दुधातल्या शेवया, वेलची घातलेल्या, वर काजू. आमच्याकडे कोकणात ईदला करतात तशा. मला बरोबर घेऊन ते केबिनमध्ये गेले. हमादा टेबलापाशी बसला होता. चाचांनी डबा उघडला, स्वतः एकदा वास घेतला आणि पुढं केला. 'सावंत, सांग त्याला, आज खुशीचा दिवस आहे. त्यानं आमची इज्जत ठेवली, आम्ही त्याचं तोंड गोड करतो.'

मी सांगितलं. हमादा उभा राहिला. त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला आणि आमच्यासमोर, उभ्या उभ्या, सगळ्या शेवया खाल्ल्या. फार सावकाश. मध्ये एकदा तो थांबला, तेव्हा मला वाटलं गोड फार झालं असेल.

'एक शेवई ठेवली नाय पठ्ठ्यानं,' चाचा लाँचमध्ये सगळ्यांना सांगत होते.

पुढचे काही आठवडे सोन्यासारखे गेले. खांब भराभर बसत होते. मग एक दिवस खांब घेऊन जपानी जहाज आलं आणि त्याचा कप्तान हमादाला भेटायला होडीनं बार्जवर आला. गोल पोटाचा, हसरा माणूस. हातात लोणच्याची बरणी, तोंडानं काहीतरी गाणं चाललेलं. केबिनच्या दारात त्याचं लक्ष फळीकडे गेलं आणि गाणं तुटलं. त्यानं टोपी काढली. हमादा तेव्हा पुढच्या टोकाला होता. दारापाशी दाऊदचाचा आणि मीच.

'हिज हाउस,' कप्तानानं विचारलं, 'हू डाय?'

'नोबडी डाय,' चाचा म्हणाले. 'पेपर फॉर अस. वी टेल, ही क्लोज.'

कप्तानानं मान हलवली. त्याला बरं इंग्रजी येत होतं, त्यानं नीट समजावलं. हा कागद असा कोणाच्या सांगण्यावरून लावत नाहीत. घरात मृत्यू झाला की लावतात. मृत्यूचा विटाळ देवाला लागू नये म्हणून त्याचं घर बंद करतात, पन्नास दिवस. मग काढतात.

तेवढ्यात हमादा आला. दोघे जपानीत थोडंसं बोलले. कप्तान बरणी खाली ठेवून, आवाज न करता होडीत उतरला.

चाचांनी हमादाकडे बघितलं. इंग्रजी त्यांना जेवढं येत होतं तेवढं पुरे झालं. 'हू?'

'वाइफ,' हमादा म्हणाला.

घरून तार जुम्म्याच्या दिवशी आली होती. आजारी होती, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं. 'मग घरी का गेला नाहीत?' मी विचारलं. तो म्हणाला, पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. आणि तो गेला तर बार्ज थांबणार, शमालच्या आत काम होणार नाही. कोणाला सांगितलं का नाही, तर लतीफच्या बोटांनंतर पोरं आधीच घाबरलेली. 'मेन हिअर डेथ, मेन रन.'

दाऊदचाचा केबिनच्या पायरीवर बसले. मग ते बोलले, आणि मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

'आणि मी त्याला शेवया चारल्या रे, सावंत.'

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डबा घेऊन आले. आत मुगाची खिचडी, बिनफोडणीची. हमादाच्या स्वयंपाक्याला त्यांनी स्टोव्हपासून हाकललं. 'बातमी मला काल कळली,' मला म्हणाले. 'माझ्यासाठी दिवस पहिला.' तीन दिवस हे चाललं. चाचा समोर बसायचे, हमादा खायचा. तिसऱ्या दिवशी हमादा खाता खाता रडला. चाचांनी त्याला थांबवलं नाही, फक्त पाण्याचा पेला जवळ सरकवला. पोरांनी विचारलं, चाचा, साहेबाला रोज डबा कशाला? तर म्हणाले, 'पोट बिघडलंय त्याचं. तुम्हाला काय करायचंय?'

पण पन्नास दिवस संपत आले होते. कागद निघाला की पोरं म्हणणार, साहेबानं दगा दिला. आणि काम तर आता सगळ्यात खोल पाण्यात आलेलं. चाचांनी मला मध्ये घालून हमादाला विचारलं, आणखी महिनाभर ठेवता येईल का कागद? काम संपेपर्यंत? हमादा म्हणाला, नाही. तिच्यासाठी बंद केलं होतं, तिची मुदत संपली. त्यापुढं खोटं बंद ठेवता येणार नाही.

मला वाटलं, चाचा आता भडकणार. ते म्हणाले, 'बरोबर आहे. आमच्यात नवरा गेल्यावर इद्दत असते ना बाईची? मुदत म्हणजे मुदत. आपल्या सोयीनं वाढवायची नसते.' आणि निघून गेले. पुढं काय करायचं ते तेव्हाच त्यांच्या मनात ठरलं असावं. मला पत्ता नव्हता.

त्या सकाळी लाँच बार्जला लागत असतानाच टाळ्या ऐकू आल्या. दोन. लाँचमध्ये एकदम सगळं थांबलं. पोरं धडाधड वर चढली. केबिनचं दार उघडं होतं, फळीवर घर उघडं, पुढं तांदूळ, मीठ, पाणी. हमादा आत उभा होता. दारात दाऊदचाचा, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून. ते आमच्या आधीच कुठल्यातरी होडीनं पोचले होते.

यासीन पुढं झाला. 'चाचा, कागद कोणी काढला?'

'मी.'

यासीनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. 'तुम्ही?'

'मी काढला. माझ्या हातानं.'

'पेटी बंद राहील असा तुम्हीच शब्द दिला होता आम्हाला. लतीफच्या समोर दिला होता.'

'दिला होता. मोडला.'

'का पण?'

'माझी मर्जी. मी बोललो ना? खलास.'

हात आडवा गेला, पण या वेळी कोणी हललं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, किती पैसे दिले जपान्यानं? चाचांनी हात पुन्हा चौकटीला लावला. हमादाला शब्द कळत नव्हते, पण आपल्यावरून काहीतरी भयंकर चाललंय एवढं कळत होतं. तो चाचांच्या खांद्यामागून पुढं यायला लागला. चाचांनी त्याला कोपरानं आत ढकललं.

'यू इनसाइड, साब. धिस माय हाउस मॅटर.'

यासीन त्यांच्या पायाजवळ थुंकला. ज्याला यांनी हातानं भरवलं होतं, तो यासीन. मग सगळी टोळी डेकवर बसली. हातोडा बंद.

दुपारी मॅनेजर आला. पोरांनी त्याला सांगितलं, या मुकादमाच्या हाताखाली आम्ही काम करणार नाही. आणि गंमत बघा, पेटीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. परक्या माणसाचा राग केव्हाच बाजूला पडला होता. आपल्या माणसानं दगा दिला, हे दुःख त्याच्याहून कितीतरी मोठं होतं. मॅनेजरला जेटी हवी होती. त्यानं चाचांचा हिशेब चुकता करून त्यांना काढलं आणि यासीनला मुकादम नेमलं. दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजल्या, कोणी मान वळवली नाही, आणि हातोडा चालू झाला.

कॅम्पमध्ये मात्र चाचांना कोणी सलाम करेना. मशिदीच्या दारात ते 'अस्सलामु अलैकुम' म्हणायचे आणि त्यांच्याच गावची पोरं चपला शोधत बसायची. मला ते बघवेना. मी म्हणालो, चाचा, मी सांगतो सगळ्यांना. खरं काय ते सांगतो.

त्यांनी माझी कॉलर धरली. 'खबरदार! बायको मेली ऐकलं की पोरं काय म्हणतील? पेटीनं आधी बोटं खाल्ली, मग बाई खाल्ली. एकही थांबणार नाय. मग माझं जाणं फुकट.' मग कॉलर सोडून ती नीट करत म्हणाले, 'जेटी झाली की सांग. नाय सांगितलंस तरी चालेल.'

मी सांगितलं, शमालच्या आधी शेवटचा खांब बसला त्या दिवशी. यासीन उठून समुद्राकडे जाऊन उभा राहिला. पण तोवर दाऊद मुकादम गावी पोचून बरेच दिवस झाले होते, आणि ते पुन्हा कधी आखातात आले नाहीत.

ते गेले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मुंबईची बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि खाडीच्या धक्क्यावरून लाँचनं तिच्यापर्यंत जावं लागे. आमच्याकडचा कोणी गावी निघाला की अख्खा कॅम्प धक्क्यावर लोटायचा, निरोपांची आणि पुडक्यांची गर्दी व्हायची. चाचांच्या बरोबर मी एकटा. ट्रंक मीच लाँचमध्ये चढवली. ते धक्क्याच्या वाटेकडे बघत नव्हते, म्हणजे नक्की बघत होते.

आणि माझ्या लक्षात आलं, हातोड्याचा आवाज येत नाहीये. कामाच्या भर दिवसात. वाटेवरून हमादा येत होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. बायको गेल्याची तार आली तरी ज्यानं काम एक दिवस थांबवलं नव्हतं, त्यानं आज बार्ज थांबवला होता. तो धक्क्याच्या कडेपर्यंत आला. बोलायला त्यांच्यात भाषा नव्हतीच. तो कमरेतून वाकला, पार काटकोनात, हात मांड्यांना चिकटलेले, आणि वाकलेलाच राहिला. सामान चढवणारे हमाल थांबून बघायला लागले. लाँचचं इंजिन सुरू झालं, दोर सुटला, तरी तो वर होईना.

चाचा लाँचमध्ये अस्वस्थ झाले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

'अरे सावंत,' ते ओरडले, 'सांग ना त्याला, सरळ उभा राहा म्हणावं! कंबर धरेल त्याची!'

मी सांगितलं. हमादा उठला नाही.